प्रयोगशाळा काँक्रीटची, वर्ग लाकडाचे

व्हँकुव्हर येथील युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या आवारात 2012 साली सुरू झालेली ‘अर्थ सायन्सेस बिल्डिंग’ ही पाच मजली इमारत आधुनिक लाकडी वास्तुकलेचा विषय निघाला की हमखास दाखवली जाते. भूशास्त्र, सागरशास्त्र आणि वातावरणशास्त्र शिकवणारा विभाग तिथे आहे. मात्र तिचा नकाशा समोर ठेवला की ती अर्धीच लाकडी आहे हे ध्यानात येते. ज्या भागात वर्ग, कार्यालये आणि प्राध्यापकांच्या खोल्या आहेत, त्या भागाचे खांब, तुळया आणि तक्तपोशी लाकडाची आहे. ज्या भागात प्रयोगशाळा आहेत, तो भाग सरळसरळ काँक्रीटचा आहे. दोन्ही भाग एकाच वेळी, ‘पर्किन्स अँड विल’ या एकाच वास्तुरचना संस्थेने आखले. पण लाकडात बांधायचे ठरले म्हणून त्यांनी लाकूड सगळीकडे रेटले नाही. ही इमारत मला आवडते ती मुख्यतः या संयमासाठी. शिक्षण आणि संशोधनाच्या इमारती लाकडात बांधायच्या म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर त्या दोन भागांच्या सीमेवर जितके स्पष्ट मिळते, तितके लाकडाच्या नावाने चालणाऱ्या जाहिरातबाजीत मिळत नाही.

मी संरचना अभियंता आहे आणि माझे बहुतेक आयुष्य आर.सी.सी.ची गणिते मांडण्यात गेले आहे, त्यामुळे लाकडाकडे मी किंचित संशयाने पाहतो हे आधीच सांगितलेले बरे. तरीही मजबुतीच्या बाबतीत लाकडावर शंका घेण्याचे कारण नाही. स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडाचे सुकवलेले लाकूड घनमीटरला साधारण 450 ते 500 किलो भरते, तर काँक्रीट 2,400 किलोच्या आसपास. आणि वजनाच्या मानाने लाकडाची ताकद काँक्रीटला सहज मागे टाकते. इमारत हलकी झाली की पाया लहान होतो आणि भूकंपात तिच्यावर येणारा जोरही त्याच प्रमाणात घटतो. व्हँकुव्हर भूकंपप्रवण किनाऱ्यावर वसलेले असल्याने तिथे या गोष्टीला किंमत आहे.

पण हाच हलकेपणा मजल्याच्या बाबतीत दोष ठरतो. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि प्रत्येक पावलागणिक जमिनीला एक छोटा धक्का बसतो. काँक्रीटच्या जड स्लॅबला तो जाणवतही नाही; हलका लाकडी मजला मात्र त्या तालात थरथरू लागतो. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती थरथर क्षुल्लक असते. परंतु ज्या टेबलावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा अतिसूक्ष्म वजनकाटा ठेवला आहे, त्याच्यासाठी बाहेरच्या मार्गिकेतून गेलेला माणूसही उपद्रव असतो. प्रतिमा पुसट होते, आकडा स्थिरावत नाही. लाकडी मजला पुरेसा ताठ करता येत नाही असे नाही, पण त्यासाठी तुळया इतक्या खोल आणि खांब इतके जवळ घ्यावे लागतात की प्रयोगशाळेला हवी असलेली मोकळी जागा आणि छताखालून हवेचे मोठे नळ नेण्याची उंची दोन्ही हातची जातात. अशा ठिकाणी काँक्रीट वापरणे हा लाकडाचा पराभव मानण्याचे काही कारण नाही.

लाकडी भागाचा मजला तरी निखळ लाकडाचा कुठे आहे? तिथे खाली सुमारे 89 मिलिमीटर जाडीचा, लाकडाच्या लांब चिरफळ्या डिंकासह दाबून बनवलेला फलक आहे. त्यावर 25 मिलिमीटरचा उष्णतारोधक थर आणि सर्वांत वर 100 मिलिमीटर काँक्रीट. पोलादाच्या जाळीच्या पट्ट्या अर्ध्या लाकडात चिकटवलेल्या आणि अर्ध्या काँक्रीटमध्ये रुतलेल्या आहेत, त्यामुळे तिन्ही थर मिळून एक होऊन वाकतात. मजला वाकला की त्याच्या वरच्या भागावर दाब येतो आणि खालच्या भागावर ताण. दाब काँक्रीट घेते, ताण लाकूड घेते. ज्याला जे जमते ते त्याच्याकडे सोपवलेले आहे. शिवाय काँक्रीटच्या वजनामुळे वरच्या मजल्यावरची पावले खालच्या वर्गात ऐकू येत नाहीत. शिक्षणाच्या इमारतीत ही सोय चैनीची नाही. डोक्यावर खुर्च्या सरकत असताना व्याख्यान ऐकण्याची शिक्षा ज्यांनी भोगली आहे, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

आपल्याकडे लाकडी इमारत म्हटले की अखंड ओंडक्यांतून कापलेल्या तुळया डोळ्यांसमोर येतात. या इमारतींतले लाकूड तसे नसते. ‘ग्लुलम’ म्हणजे पातळ फळ्या एकाच दिशेने एकावर एक चिकटवून केलेला खांब किंवा तुळई. ‘सीएलटी’ म्हणजे फळ्यांचे थर एकाआड एक काटकोनात चिकटवून केलेला मोठा, जाड फलक. प्लायवूडचे तत्त्व तेच, फक्त पापुद्र्यांच्या जागी फळ्या. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने दमटपणानुसार फुगते आणि आकसते, तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही. थर आडवे-उभे चिकटवल्यावर एका थराचा हट्ट दुसरा थर अडवतो आणि फलक दोन्ही दिशांनी मापात राहतो. ही पद्धत 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत घडली, आणि तिच्या मागचे मोठे काम ग्राझच्या तंत्रविद्यापीठात गेरहार्ड शिकहोफर यांच्या गटाने केले. म्हणजे विद्यापीठांनी लाकडात बांधण्याआधी, लाकडात कसे बांधावे हेही विद्यापीठांतच शोधले गेले. पुढे या फलकांच्या परीक्षेला विद्यापीठांचीच आवारे वापरली गेली, यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो.

अर्थ सायन्सेस बिल्डिंगच्या दोन भागांच्या मधल्या उंच चौकात एक जिना आहे आणि केवळ तो पाहण्यासाठी तिथे जाणारे लोक आहेत. व्हँकुव्हरला शिकणाऱ्या भाचीमुळे मलाही तो पाहायला मिळाला. जिना पाच मजले नागमोडी चढत जातो. त्याच्या मधल्या वळणाच्या टप्प्यांखाली खांब नाही, वरून टांगलेली सळई नाही, बाजूला भिंत नाही. प्रत्येक टप्पा हवेत पुढे आलेला आहे. काँक्रीटमध्ये असा जिना करणे मला अवघड वाटत नाही, कारण सळ्या कोपऱ्यातून वळवून नेता येतात आणि कोपरा एकजीव होतो. लाकडाचे तंतू कोपऱ्यातून वळत नाहीत. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे जोड येतो, आणि जोडाला वाक सहन करायला लावणे हे लाकडाच्या बाबतीत सर्वांत कठीण काम. मी खाली उभा राहून बराच वेळ बोल्टची डोकी शोधली, ती कुठेच दिसली नाहीत. तुकड्यांच्या टोकांना बारीक खाचा पाडून, त्यांत भोके असलेल्या पोलादी पट्ट्या डिंकाने बसवलेल्या आहेत. डिंक भोकांतून पलीकडे जाऊन कडक झाला की पट्टी लाकडात जखडली जाते. बाहेरून फक्त केसाएवढी रेघ दिसते. वर चढताना जिना जराही हलला नाही. त्याच चौकात एलास्मोसॉरस या लांब मानेच्या सागरी सरीसृपाचा सांगाडा टांगलेला आहे, पण माझ्या मते लोकांनी मान वर करून बघावे अशी गोष्ट त्याच्या शेजारची आहे.

हे सारे त्या प्रांतात घडले यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच व्यवहारही होता. ब्रिटिश कोलंबियाची अर्थव्यवस्था फार काळ जंगलावर चालली. तिथल्या सरकारने 2009 मध्ये ‘वुड फर्स्ट’ कायदा केला आणि प्रांताच्या पैशातून होणाऱ्या इमारतींत लाकडाचा विचार आधी करावा असे ठरवले. त्याच काळात पाइन झाडे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने प्रांतातील प्रचंड जंगल मारले होते, आणि मेलेले लाकूड कुजण्याआधी वापरण्याची निकड होती. 2011 साली याच आवारात उभ्या राहिलेल्या शाश्वततेच्या संशोधन केंद्रात तसे लाकूड वापरले गेले. धोरण, संकट आणि संशोधन एकाच वेळी जुळून आले.

या आवारातील सर्वांत गाजलेली लाकडी इमारत मात्र विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. ‘ब्रॉक कॉमन्स टॉलवुड हाउस’ ही 18 मजल्यांची, सुमारे 53 मीटर उंचीची इमारत 2017 मध्ये 404 विद्यार्थ्यांसाठी खुली झाली. प्रांताच्या बांधकाम नियमांत तेव्हा लाकडी इमारतीला सहा मजल्यांची मर्यादा होती, त्यामुळे केवळ या एका जागेपुरते वेगळे नियम करून घ्यावे लागले. तळमजला आणि लिफ्ट-जिन्यांचे दोन गाभे काँक्रीटचे. त्यावरचे 17 मजले लाकडाचे. या मजल्यांत तुळयाच नाहीत. 169 मिलिमीटर जाडीचे सीएलटीचे फलक थेट खांबांवर टेकलेले आहेत, आणि खांब एका दिशेने 2.85 मीटर तर दुसऱ्या दिशेने 4 मीटर अंतरावर आहेत. हे अंतर फलकांची मापे आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या यांचा मेळ घालून ठरले. जुन्या वाड्यांत घर खणांनी मोजत, आणि खण म्हणजे दोन खांबांमधली तुळईला पेलवणारी जागा. लाकडाच्या मापाने घर ठरवण्याची ही रीत तिथे संगणकावर पुन्हा अवतरली आहे असे मला नकाशा पाहताना वाटले.

आधी दोन मजल्यांचा पूर्ण आकाराचा नमुना उभारून जोड तपासले गेले. मग कारखान्यातून क्रमांक घातलेले भाग येऊ लागले आणि लाकडी सांगाडा 70 दिवसांच्या आत उभा राहिला. काँक्रीटचा स्लॅब ओतून त्याचे टेकू निघण्याची वाट पाहण्यात ज्यांचे आठवडे गेले आहेत, त्यांना या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एक बारकावा मला विशेष आवडला. इतक्या उंचीचे लाकडी खांब वजनाने आणि सुकण्याने काळाच्या ओघात थोडे आखूड होतात, मधले काँक्रीटचे गाभे मात्र जवळजवळ होते तेवढेच राहतात. फरक साचत गेला तर वरच्या मजल्यांना उतार येईल. म्हणून काही ठरावीक मजल्यांवर खांबांच्या जोडांत पोलादाच्या पातळ चकत्या घालून उंची आधीच किंचित वाढवून ठेवली आहे. इमारतीत बसवलेली उपकरणे हे आखूड होणे आणि लाकडातील ओलावा दोन्ही मोजत असतात. वसतिगृहालाच प्रयोगाचे टेबल बनवले आहे म्हणा ना.

तरीही या इमारतीविषयी माझी एक तक्रार आहे. आगीच्या नियमांसाठी सगळे लाकूड जिप्सम फलकांच्या थरांखाली झाकून टाकले आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरची बैठकीची खोली सोडली तर आत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपण लाकडी इमारतीत राहतो हे कळण्याचा मार्ग नाही. पहिल्याच प्रयोगात परवानगी मिळवण्यासाठी हा सौदा शहाणपणाचा होता हे मला मान्य आहे. पण शिक्षणाच्या इमारतीत जे दिसत नाही ते शिकवता येत नाही.

अमेरिकेत अ‍ॅमर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने 2017 मध्ये सुरू केलेली ‘जॉन ओल्व्हर डिझाइन बिल्डिंग’ या बाबतीत उजवी आहे. सुमारे 87,000 चौरस फुटांच्या या इमारतीत वास्तुकला, भूदृश्यरचना आणि बांधकाम तंत्रज्ञान हे विषय एकत्र शिकवले जातात. ती आधी पोलादात बांधायची होती. लाकडाचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये स्थानिक माजी खासदार जॉन ओल्व्हर होते आणि पुढे त्यांचेच नाव तिला दिले गेले. लाकूड-काँक्रीटच्या संयुक्त मजल्यावर याच विद्यापीठात पेगी क्लाउस्टन यांनी अनेक वर्षे संशोधन केले होते आणि तसाच मजला इथे प्रत्यक्षात आला. म्हणजे ज्या विभागाने मजला तपासला, तोच विभाग त्या मजल्यावर वर्ग भरवतो. खांब, तुळया, कर्णरेषेत टाकलेले तिरके आधार आणि त्यांचे पोलादी जोड बव्हंशी उघडे ठेवलेले आहेत. संरचनेच्या तासाला शिक्षकाने फळ्यावर आकृती काढण्याऐवजी छताकडे बोट दाखवावे, ही सोय मला विद्यार्थी असताना मिळाली असती तर तुळईतला वाक मला परीक्षेच्या आधी कळला असता.

आता आगीविषयी. लाकडी इमारतीचा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो आणि तो रास्त आहे. जाड लाकूड जळते ते पृष्ठभागावरून. जळालेल्या थराचा कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून काही काळ वाचवतो. सूचिपर्णी लाकडाचा हा कोळसा होण्याचा वेग युरोपीय संहितेत मिनिटाला सुमारे 0.65 मिलिमीटर धरलेला आहे, म्हणजे तासाला 40 मिलिमीटरच्या आसपास. अभियंता तेवढे लाकूड आधीच जादा धरतो. तासभराने उरलेला गाभा भार पेलेल इतका असला की काम भागते. उघडे पोलाद याच आगीत त्याआधीच मऊ पडते. हे गणित खरे आहे, पण ते वेळेचे गणित आहे, अमरत्वाचे नाही. तासाभरात माणसे बाहेर पडतील आणि बंब पोहोचेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. 1828 मध्ये शनिवारवाड्याला आग लागली तेव्हा ती सात दिवस चालली असे सांगतात. सागवान कितीही जाड असले तरी अशा आगीपुढे काय उरते ते आज आत जाऊन पाहता येते. जोती उरली, तटबंदी उरली, दरवाजे उरले.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाला याचा अनुभव बांधकाम चालू असतानाच आला. ज्युबिली कॅम्पसवर पर्यावरणस्नेही रसायनशास्त्रासाठी लाकडी प्रयोगशाळा उभी राहत होती. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने तिच्यासाठी 1 कोटी 20 लाख पौंडांची देणगी दिली होती. 12 सप्टेंबर 2014 रोजी लागलेल्या आगीत ती अर्धवट इमारत भस्मसात झाली. लाकडी इमारतीचा सर्वांत धोक्याचा काळ हाच असतो: सांगाडा उघडा, पाण्याचे फवारे अजून जोडलेले नाहीत, आग अडवणाऱ्या भिंती आणि दारे बसलेली नाहीत, आणि वारा आरपार. पुरी झालेली इमारत किती सुरक्षित आहे याची गणिते भरपूर होतात, पण बांधकामाच्या महिन्यांची जोखीम कंत्राटदाराच्या माथी टाकून सगळे मोकळे होतात. नॉटिंगहॅमने माघार घेतली नाही. तीच इमारत पुन्हा लाकडातच बांधली आणि 2017 मध्ये ती सुरू झाली. 25 वर्षांत इमारतीच्या बांधकामाचे आणि वापराचे कार्बनचे कर्ज फिटावे असे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवले आहे. व्हँकुव्हरच्या उलट इथे प्रयोगशाळाच लाकडी आहे. रसायनशास्त्राच्या बहुतेक कामाला थरथरीचे वावडे तितके नसते आणि फार नाजूक उपकरणे जमिनीलगत ठेवता येतात. प्रयोगशाळा म्हणजे काँक्रीटच असा सरसकट नियम मीही करणार नाही.

मला आगीपेक्षा पाण्याची भीती अधिक वाटते, आणि आपल्या हवामानात ती वाटायलाच हवी. सिंगापूरच्या नानयांग तंत्रविद्यापीठात जपानी वास्तुरचनाकार टोयो इटो यांनी आखलेली ‘गाया’ ही सहा मजली इमारत 2023 मध्ये सुरू झाली. तिथे व्यवस्थापनशास्त्राचे विद्यालय भरते. 43,500 चौरस मीटर क्षेत्रफळाची ही इमारत आशियातल्या मोठ्या लाकडी इमारतींत गणली जाते आणि तिच्यातले लाकूड बहुतांश उघडे आहे. लांबच लांब सज्जे, लाकडी खांबांच्या रांगा, वरून झिरपणारा उजेड. तिच्या छायाचित्रांनी मी भारावून गेलो होतो. लाकूड मात्र युरोपातून आणलेले आहे. उद्घाटनानंतर दोनेक वर्षांतच तिच्या लाकडी पृष्ठभागांवर बुरशी आल्याच्या बातम्या झळकल्या. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला थारा मिळत नाही, पण पृष्ठभागावरच्या बुरशीला त्याआधीच, हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ऐंशी टक्क्यांवर राहिली की पुरते. अशा बुरशीने इमारत पडत नाही. तरी ज्या लाकडाच्या दर्शनासाठी एवढा खटाटोप केला तेच डागाळलेले दिसणे ही साधी गोष्ट नव्हे. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवा अशीच असते. म्हणून सिंगापूरचा अनुभव आपल्याला व्हँकुव्हरपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पुण्यात याचे जुने उत्तर अजून उभे आहे. दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये पुरा केलेला विश्रामबागवाडा सागवानी चौकटीचा आहे, आणि सुरूच्या आकाराचे कोरीव खांब असलेला त्याचा दर्शनी सज्जा आजही लोक थांबून पाहतात. 1821 मध्ये याच वाड्यात इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा सुरू केली, जिची परंपरा पुढे डेक्कन कॉलेजपर्यंत पोहोचते. म्हणजे लाकडी इमारतीत उच्च शिक्षण ही पुण्याला नवी गोष्ट नाही. फुले दांपत्याने 1848 मध्ये मुलींची शाळा भरवली तीही भिडे वाड्यातच. या वाड्यांत लाकडी खांब कधीही मातीला टेकत नाही. खाली दगडी जोते, जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर खांब. जमिनीतली ओल चढत नाही आणि वाळवीला वाट मिळाली तरी ती दगडावरून उघड्यावर यावी लागते, म्हणजे डोळ्यांना दिसते. कसबा पेठेतला एक वाडा उतरवताना मी तिथल्या सुतारांबरोबर काही वेळ उभा होतो. त्यांनी तुळईच्या टोकाचे कुसू खाचेतून ठोकून सोडवले, तेव्हा आतले लाकूड नुकते रंधल्यासारखे पिवळसर होते. त्याच तुळईचे भिंतीत चिणलेले दुसरे टोक मात्र बोटाने चुरडत होते. जिथे हवा लागत होती तिथे ते टिकले, जिथे कोंडले तिथे कुजले. ती तुळई पुढे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेली असणार, कारण जुन्या सागाला तिथे चांगला भाव मिळतो. काँक्रीटच्या तुळईला मोडल्यावर कोणी विचारत नाही.

भारतात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगलतोडीच्या चिंतेपोटी 1993 पासून आपल्या बांधकामांत लाकडाचा वापर बंद केला होता. ती बंदी 2020 मध्ये उठली. त्या मधल्या काळात अभियंत्यांच्या एका पूर्ण पिढीने लाकडाचे एकही गणित न करता निवृत्ती गाठली. अभ्यासक्रमात लाकूड एखाद्या प्रकरणापुरते उरले आणि तेही पर्यायी प्रश्नात टाकण्यासारखे. आता परवानगी आहे, पण लाकूड कुठून आणायचे हा प्रश्न आहे. एक घनमीटर लाकूड साधारण पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते असे म्हणतात आणि ते बरोबरही आहे, पण तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढले तरच त्या हिशेबाला अर्थ आहे, आणि युरोपातून जहाजाने आणलेल्या फलकांचा प्रवासही त्यातच धरावा लागतो. ब्रिटिश कोलंबियातसुद्धा जुनी अरण्ये तोडण्यावरून तीव्र वाद आहेत. त्यामुळे काँक्रीट वाईट आणि लाकूड पवित्र अशी वाटणी मला मान्य नाही.

महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने अशी इमारत बांधायचे मनावर घेतलेच, तर ती पहिल्याच झटक्यात अठरा मजली असू नये. दोन-तीन मजल्यांचा वर्गांचा भाग पुरे. तळमजला दगडाचा किंवा काँक्रीटचा, स्वच्छतागृहे आणि पाण्याच्या सगळ्या वाहिन्या काँक्रीटच्या एकाच उभ्या पट्ट्यात, छपराला चारही बाजूंनी भिंतीपासून चांगले पुढे आलेले वळचण, आणि पश्चिमेच्या झडीच्या बाजूला लाकूड अजिबात उघडे नाही. तुळयांची टोके भिंतीत चिणायची नाहीत. ग्लुलम आपल्याकडच्या लागवडीच्या लाकडापासून करता येते का, त्याचा डिंक आपल्या दमट उन्हाळ्यात किती टिकतो, वाळवीवरचा उपचार किती वर्षे पुरतो, याच्या चाचण्या त्याच विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात आधी तीन-चार पावसाळे चालू द्याव्यात. लाकडात ओलावा मोजणारी उपकरणे पहिल्या दिवसापासून बसवावीत आणि त्यांचे आकडे विद्यार्थ्यांना खुले असावेत. प्रयोगशाळांचा भाग शेजारी काँक्रीटचा बांधावा, दोन्हींच्या मधे चौक ठेवावा, आणि त्या चौकातल्या जिन्याचे गणित शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे.